मोऱ्याच्या ताराबाई आणि वाट्याला आलेल्या गोळ्या

उरणजवळच्या मोरा बंदराबद्दल लिहायचा माझा विचार नव्हता. लिहावं लागतंय, कारण एका दवाखान्यातल्या कागदावर मी साक्षीदार म्हणून सही केली, त्या सहीपायी मला मोऱ्याला जावं लागलं, आणि तिथून जे घेऊन आले ते कुणाच्या हाती दिलं याची नोंद कुठेतरी असायला हवी. दवाखान्याने त्यांची नोंद ठेवली आहे. तिच्यात एक गोष्ट बसत नाही, असं त्यांनी मला सांगितलं. म्हणून ही माझी.

या ब्लॉगवर नेहमी येणाऱ्यांना माझी पद्धत ठाऊक आहे. बेलापूरहून सकाळी निघायचं, संध्याकाळी घरी यायचं, गुडघ्यांना झेपेल तेवढंच हिंडायचं. गाड्या, जेवण, रस्ते यांची माहिती याही वेळी आहे. माणसांची नावं बदलली आहेत. दवाखाना कोणता ते विचारू नये, सांगणार नाही.

आधी सहीचं सांगते. डोळ्यांच्या तपासणीसाठी मी एका ट्रस्टच्या दवाखान्यात बसले होते. गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक तरुण मुलगी आली. तिला ऋतुजा म्हणू. "मॅम, तुम्हाला मराठी वाचता येतं ना?" असं तिने विचारलं. हा प्रश्न मला शाळेत घालतानासुद्धा कुणी विचारला नव्हता. मग तिने उलगडा केला. तिथे मधुमेहाच्या एका नव्या गोळीची चाचणी चालली होती. गोळी घ्यायला तयार झालेल्या एका बाईंना वाचता येत नव्हतं. अशा वेळी चाचणीशी संबंध नसलेल्या माणसासमोर सगळा कागद वाचून दाखवायचा आणि "समजावून सांगितलं, मी ऐकलं" अशी त्याची सही घ्यायची, असा नियम आहे.

मी आयुष्यभर वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानदाराचा काटा खरा की खोटा ते तपासायचं आणि मग शिक्का मारायचा. तपासल्याशिवाय सही करायला माझा हात तयार होत नाही. ऋतुजाच्या हातून कागद घेतला आणि मीच सगळा मोठ्याने वाचला. ती सारखी घड्याळाकडे बघत होती, बघू दिलं. अर्ध्या लोकांना खरी गोळी मिळेल, अर्ध्यांना तशीच दिसणारी, पण आत औषध नसलेली. कुणाला कोणती, हे डॉक्टरांनाही कळणार नाही. नेहमीची औषधं चालूच ठेवायची. तपासण्या, रक्त, येण्याजाण्याचा खर्च दवाखान्याकडे. चाचणी संपल्यावर गोळी पुढे मिळेलच असं नाही. हे शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं.

समोरच्या बाई, यमुनाबाई, मोऱ्याच्या. मासे विकतात. पन्नाशी ओलांडलेली, केसांत अबोलीचा गजरा, नजर थेट.

"समजलं का?" मी विचारलं.

"समजलं."

"काय समजलं?"

"तू सही करतंस, ते."

मला वाटलं गंमत करताहेत. मी सही केली. नाव, पत्ता, फोन, सगळं व्यवस्थित लिहिलं. त्याची एक प्रत त्यांना मिळाली. यमुनाबाईंच्या शेजारी मांडीवर रिकामी टोपली घेऊन आणखी एक बाई बसल्या होत्या, एवढं पुसटसं आठवतं.

बऱ्याच महिन्यांनी फोन आला.

"मॅडम, मी यमुना. मोऱ्याची. तू सही केलंस ना, ती."

"बोला."

"माज्या जावेला औषध पायजे. तू ये आनि सही कर."

"अहो, माझ्या सहीने औषध मिळत नाही."

"मना तं मिळालं," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

मी ऋतुजाला फोन केला. ती म्हणाली, "मॅम, टेन्शन नका घेऊ. त्यांची जाऊ पण आलेली चाचणीसाठी, पण किडनीचा रिपोर्ट खराब आला, म्हणून नाही घेतलं. तुमचा यात काही रोल नाही."

"मग कुणाचा आहे?"

"कशात?"

"जावेच्या बाबतीत."

"मॅम, त्या आमच्या पार्टिसिपंटच नाहीत ना."

फोन ठेवल्यावर मला वाटलं, जाऊन पाच मिनिटांत समजावून सांगावं: सही म्हणजे जामीन नव्हे. शिवाय मोरा बघायचा राहिलाच होता.

बेलापूरहून उरणला आता थेट गाडी जाते. पण गाड्या मोजक्या आहेत, वेळ बघूनच घराबाहेर पडा, चुकली की फलाटावर मोठी शिक्षा होते. तिकीट एका वडापावाच्या किमतीत येतं. सकाळी उलट्या दिशेला गर्दी नसते, खिडकी हमखास मिळते. बाहेर तिवरं, मध्येच मिठागरांचे चौकोन, मग एकदम एकावर एक रचलेले रंगीत कंटेनर. उरण स्टेशन एवढं ऐसपैस आहे की गाव कुठल्या बाजूला ते विचारावं लागतं. बाहेरून मोऱ्याला रिक्षा मिळते. शेअरने गेलात तर मांडीवर कुणाची तरी पिशवी घ्यायची तयारी ठेवा. माझ्या मांडीवर बर्फाची होती.

मोऱ्याचा धक्का लांबलचक आहे. समोर घारापुरीचा डोंगर, पलीकडे मुंबई. इथून भाऊच्या धक्क्याला लाँच सुटते, साधारण तासाभराचा प्रवास. पण ओहोटीला लाँच लागत नाही, कारण पाणी जातं आणि नुसता गाळ उरतो. तेव्हा आदल्या दिवशी भरतीची वेळ विचारून घ्या. टोपी न्या, पाणी न्या. स्वच्छतागृहावर विसंबू नका.

मी पोचले तेव्हा एका होडीचा माल वाटला जात होता. हे मात्र जरूर बघावं. माशांचे ढीग जमिनीवर ओळीने घातलेले. त्यांना वाटे म्हणतात. एकजण ढिगांकडे पाठ करून उभा. दुसरा एकेका ढिगावर बोट ठेवून ओरडतो, "ह्यो कोनाचा?" पाठमोरा माणूस न बघता नाव घेतो. म्हणजे मोठा ढीग कुणाला, लहान कुणाला, याचा दोष कुणाच्या माथी येत नाही. काटा नाही, वजन नाही. इथे आमचं खातं काय तपासणार?

एक वाटा उचलायला कुणीच आलं नाही. बाजूला उभ्या असलेल्या बाईंना मी विचारलं, हा कुणाचा?

"नागोचा. घरी पडलाय, ताप हाय त्याला."

"कामाला आला नाही तरी वाटा?"

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "आजारी हाय म्हून तं."

यमुनाबाईंचं घर धक्क्यापासून जवळ. अंगणात बांबूवर बोंबील वाळत घातलेले. वासाची सवय होते, थोडा धीर धरा. उंबऱ्यावर एक बाई पाय पसरून बसल्या होत्या. त्याच, टोपलीवाल्या. यमुनाबाईंच्या धाकट्या जाऊ, ताराबाई. पाय सुजलेले. चेहराही सुजलेला. माझ्याकडे डोळे बारीक करून बघितलं आणि ओरडल्या:

"अगो यमुना, ही ती काटेवाली बाय! उरनच्या बाजारान माजा काटा नेलता हिने!"

मी शेकडो काटे जप्त केलेत. "खोटा असेल," मी म्हटलं.

"खोटा व्हता," ताराबाई शांतपणे म्हणाल्या. "पन माजा व्हता."

यमुनाबाई हसल्या. "आता तरी आत ये गो बाय. भांडन जेवल्यावर."

जेवण म्हणजे तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी, कांदा. हॉटेल शोधत हिंडण्यापेक्षा कुणाच्या घरी ओळख काढा, हा माझा मोऱ्यापुरता सल्ला. ताराबाईंनी चतकोर खाल्ली आणि ताट सारलं. मळमळतं म्हणाल्या.

मी समजावायला सुरुवात केली. सही म्हणजे काय, साक्षीदार म्हणजे काय. यमुनाबाईंनी मान हलवत ऐकलं आणि म्हणाल्या, "होडीच्या कागदावर सही करतो, त्यो होडी बुडली तर पलतो का?"

"हा कागद तसा नाही."

"मंग कसा हाय?"

मी जे ऐकलं ते ऐकलं, एवढंच त्या सहीचं म्हणणं होतं. ते मोऱ्याच्या त्या घरात बोलून बघितलं आणि मलाच काहीच्या काही वाटलं.

मग यमुनाबाईंनी फळीवरून बिस्किटाचा डबा काढला. आत चाचणीच्या गोळ्यांच्या पट्ट्या. त्या म्हणाल्या, "एवड्यात दोगींचं भागत नाय. म्हून तुला बोलावलं."

"दोघींचं?"

"एक दिस मी घेतंय, एक दिस ही. तिना नाय घेतली ना चाचनीला. मी वाटा घातला."

मी हातातला पेला खाली ठेवला. दवाखान्यात दर भेटीला रिकाम्या पट्ट्या परत घेऊन मोजतात. परत जाणाऱ्या पट्ट्या रिकाम्याच असायच्या. हिशेब बरोबर होता. कुणाच्या लक्षात येणार?

"आणि तुमच्या आधीच्या गोळ्या?" मी ताराबाईंना विचारलं. "सरकारी दवाखान्याच्या?"

"त्या कशाला? ह्या मोट्या दवाखान्याच्या हायत."

म्हणजे नेहमीची औषधं बंद, किडनी अधू, आणि एक दिवसाआड एक अशी गोळी जी अजून माणसांवर तपासली जाते आहे. मी तेव्हा आवाज चढवला. ही गोळी खरी आहे की नुसती पिठाची, हे कुणालाच माहीत नाही, असं सांगितलं. मीच वाचून दाखवलं होतं.

"डॉक्टरला पन नाय ठाव?" ताराबाईंनी विचारलं.

"नाही."

"मंग त्यो आमाला का ईचारतो, बरं वाटतंय का म्हून?"

दोघी जावा एकमेकींच्या अंगावर रेलून हसल्या. मलाही हसू येत होतं आणि ते येऊ नये असं वाटत होतं.

हसू ओसरल्यावर यमुनाबाई म्हणाल्या, "तू शिकल्याली हायस. सांग. आमी दोगी गेलो. मना थोडं हाय, मना घेतलं. तिना जास्त हाय, तिना परत धाडलं. असं कुटं असतंय? जास्त आजारी, तिना आदी द्यावं."

याचं उत्तर मला येत होतं. नवं औषध अधू किडनीच्या माणसाला दिलं तर जीव जाऊ शकतो. तिला वगळलं ते तिच्या भल्यासाठीच. मी ते सांगितलं. उत्तर बरोबर होतं. पण बाहेर धक्क्यावर नागोचा वाटा कुणीतरी त्याच्या घरी पोचवत असणार, आणि माझं बरोबर उत्तर त्या घरात कुठे ठेवावं ते मला कळेना. औषध नाकारलं ते ठीक. पण नाकारल्यावर पुढे काय, त्याचा तर कुणी विचारच केला नव्हता.

"हे दवाखान्यात सांगावं लागेल," मी म्हटलं.

यमुनाबाईंचा चेहरा उतरला. "सांगशील तं मना काडतील."

त्यांनी पाऊल पुढे केलं. अंगठ्यावर जुना व्रण. चाचणीच्या तपासणीत डॉक्टरांनी तो काळा पडलेला बघितला, स्वतः खाली बसून साफ केला, आठवडाभर रोज फोन करून चौकशी केली. "माज्या पायाला हात लावनारा पयला डॉक्टर. त्याच्या आदी कोन बगत व्हता? आता तू सांग, मी त्याला सोरू?"

सांगितलं तर यमुनाबाईंचा डॉक्टर जाणार. नाही सांगितलं तर ताराबाईंचं काय होईल ते दिसतच होतं. ताराबाईंच्या पायावर बोट दाबलं तर खळगा तसाच राहत होता. मी निरीक्षक होते, काटा खरा किंवा खोटा असतो, मध्ये काही नसतं. इथे मला कुठे बोट ठेवावं ते समजेना. मी उगाच पाणी मागितलं.

निकाल ताराबाईंनी लावला. कमरेची पिशवी सोडली आणि आपल्या वाट्याच्या गोळ्या माझ्या मांडीवर टाकल्या.

"तवा काटा नेलास, आता गोल्या ने. काटा तरी परत देतंस का?"

"दंड भरला की परत मिळायचा."

"मी नाय भरला. दुसरा घेतला." मग माझ्या मांडीवरच्या गोळ्यांकडे बोट करून, "ह्याचं काय परत देशील?"

मी म्हटलं, "उद्या दोघी माझ्याबरोबर चला."

दुसऱ्या दिवशी त्या उरणहून गाडीने आल्या, मी स्टेशनवर थांबले होते. तिथून रिक्षा. ताराबाईंना जिना चढवत नव्हता, लिफ्टपाशी रांग होती, रांगेतल्या एकालाही मी पुढे जाऊ दिलं नाही.

डॉक्टर तरुण आहेत. मी घसा साफ करून बोलणार, तेवढ्यात यमुनाबाईच म्हणाल्या, "डॉक्टर, मी वाटा घातला."

त्यांना कळलं नाही. यमुनाबाईंनी सगळं सांगितलं, पट्ट्या कशा कापायच्या तेही. डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. चिडले नाहीत. चिडले असते तर मला सोपं गेलं असतं.

"मावशी, तुमच्या गोळ्या आता बंद," ते म्हणाले. "मला हे वर कळवावं लागेल. पुढचा निर्णय समिती घेईल. पण तपासण्यांना यायचं. पाय दाखवायला यायचं. चाचणी संपेपर्यंत मी बघणार."

"मना काडलं नाय?"

"अर्धं काढलं," डॉक्टर म्हणाले.

"मंग बरं," यमुनाबाई म्हणाल्या. "संपल्यावर?"

डॉक्टरांनी चष्मा उचलून पुसायला घेतला. संपल्यावरचं वाक्य मीच दोनदा वाचलं होतं.

"आणि ताराबाईंचं काय?" मी विचारलं.

"त्या चाचणीत येत नाहीत, मॅडम."

"त्यांचं रक्त तुम्हीच तपासलंत. आजार तुम्हीच शोधलात."

"हो. आणि चिठ्ठी दिली होती, लगेच तज्ज्ञांना दाखवा म्हणून."

ताराबाईंनी पिशवीतून ती चिठ्ठी काढली. प्लास्टिकमध्ये गुंडाळून जपून ठेवलेली, घडीवरसुद्धा डाग नाही. इंग्रजीत होती. त्यांना वाटलं होतं हा नंबर आहे. जागा झाली की बोलावतील. इतके महिने त्या बोलावण्याची वाट बघत होत्या, आणि तोवर जावेच्या वाट्यावर भागवत होत्या.

ऋतुजा भिंतीकडे बघत होती. डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, सही त्यांचीच होती. मग उठले आणि ताराबाईंना पलंगावर बसवून स्वतः तपासलं. केसपेपर काढला नाही, म्हणाले कोणत्या सदराखाली काढू तेच कळत नाही. गोळी खरी होती की खोटी ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. खरी होती असं धरूनच पुढे चालू, म्हणाले. जुन्या गोळ्यांतल्या कोणत्या आजपासून घ्यायच्या आणि कोणती किडनीमुळे आता घ्यायचीच नाही, हे त्यांनी दोन वेगवेगळ्या पाकिटांवर मराठीत लिहून दिलं आणि यमुनाबाईंकडून वदवून घेतलं. मुंबईच्या मोठ्या सरकारी रुग्णालयातल्या किडनी विभागाला पत्र दिलं. खाली स्वतःचा फोन नंबर लिहिला.

दारापर्यंत सोडायला आले तेव्हा हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, आम्ही असे कितीतरी जण परत पाठवतो. प्रत्येकाच्या मागे गेलो तर चाचणी कोण करणार? आणि नाही गेलो, तर..." मला त्यांना खडसवायचं होतं. कशावरून खडसवायचं ते सापडलं नाही.

तिसरा प्रवास दुसऱ्याच दिवशी, लाँचचा. मुंबईला जायला मोऱ्याहून हाच जवळचा रस्ता. ज्यांना निव्वळ सहल करायची त्यांनी डाव्या बाजूला बसावं, ऊन कमी लागतं. मोठी जहाजं नांगर टाकून उभी असतात, समुद्रपक्षी लाँचच्या मागे मागे येतात. मी आदल्या दिवशी भरतीची वेळ विचारून घेतली होती, तरी लाँच उशिरा लागली. गाळातून पाणी वर यायची वाट बघत आम्ही तिघी धक्क्यावर बसलो. सहलीला आलेल्याला ही गंमत वाटेल. रुग्णालयाची केसपेपरची खिडकी दुपारी बंद होते, हे ठाऊक असलं की गंमत वाटत नाही. ताराबाईंना लाँचमध्ये चढवायला यमुनाबाईंनी एका बाजूने धरलं, मी दुसऱ्या. हात बर्फासारखा गार होता.

"गोरी झालीस गो तारा," यमुनाबाई म्हणाल्या.

"फुगलंय मी. पापलेट झालंय."

"भाव पन तसाच मागतंस."

भाऊच्या धक्क्यावरून टॅक्सी केली. खिडकी उघडी होती. रांगेत उभं राहून केसपेपर मिळाला. किडनी विभागातल्या डॉक्टरांनी पत्र वाचलं, पायावर बोट दाबलं, आणि भरती करा म्हणाले. आधी आला असतात तर, एवढंच म्हणाले आणि पुढचा पेशंट बोलावला.

भरतीच्या टेबलावर कारकुनाने विचारलं, "सोबत जबाबदार कोण? सही करणारं?"

यमुनाबाईंनी अंगठा पुढे केला. तो म्हणाला, फोन केल्यावर लगेच येईल असं कुणीतरी द्या.

ताराबाई चाकाच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बोट केलं. "हिची घ्या. हिच्या सहीवर काम व्हतं."

मी पाच मिनिटांत समजावून सांगायला निघाले होते की माझ्या सहीने काही होत नाही. पेन हातात घेतलं तेव्हा नेमकं कोणाला काय समजावायचं होतं ते आठवेना.

घरी आले. आंघोळ केली. बोंबलाचा वास केसांतून जाईना. मोऱ्याहून निघताना ताराबाईंनी पदराआडून एक पुडी दिली होती, सुक्या बोंबलाचा वाटा. माझ्या घरी एक जुना तराजू अजून आहे, खात्याचा शिक्का असलेला. पुडी त्याच्या शेजारी ठेवली. तोलली नाही.

या सहलीतून काय मिळालं असं तुम्ही विचाराल. मोरा सुंदर आहे, जा. वाटे घालताना बघा. बाकीच्याचा हिशेब मला अजून लागत नाही. डॉक्टर चांगले आहेत. ऋतुजाही नियमाप्रमाणे वागली. कागदावर खोटा एक शब्द नव्हता, मी स्वतः वाचला. यमुनाबाईंनी केलं ते चुकीचं होतं, त्याने ताराबाईंचं नुकसान झालं असेल. आणि तरी त्या सगळ्यांत ताराबाईंना काहीतरी दिलं ते एकट्या यमुनाबाईंनी. हे दोन्ही मी एका पारड्यात घालून बघते, मग दोन पारड्यांत. काटा स्थिर होत नाही.

आता नोंद.

चाचणीच्या गोळ्या, यमुनाबाईंच्या डब्यातल्या आणि ताराबाईंच्या पिशवीतल्या, कापलेल्या पट्ट्यांसह: ऋतुजाच्या हाती, दवाखान्यात. तिने मोजून घेतल्या, सही केली, शिक्का मारला, पावती दिली. पाच मिनिटंही लागली नाहीत.

जुनी इंग्रजी चिठ्ठी आणि डॉक्टरांचं पत्र: मुंबईच्या रुग्णालयात, किडनी विभागात. मूळ प्रती त्यांनी ठेवल्या. पावती नाही, पण केसपेपरला टाचलेल्या मी बघितल्या.

यमुनाबाई: चाचणीच्या डॉक्टरांकडे, पायाच्या तपासणीपुरत्या. समितीचा निर्णय अजून आलेला नाही.

ताराबाई: स्त्रियांच्या वॉर्डात, तिथल्या सिस्टरच्या हवाली. मुंबईला नेऊन दिल्या तेव्हा शुद्धीवर होत्या, स्वतः बोलत होत्या. भरतीच्या कागदावर जबाबदार व्यक्ती म्हणून माझी सही आहे. नाव, पत्ता, फोन, व्यवस्थित. नात्याच्या रकान्यात मी "साक्षीदार" लिहिलं. कारकुनाने ते खोडलं आणि "नातेवाईक" केलं. मी ते वाचलं. हरकत घेतली नाही.